सोमजाईच्या माळेतला शिपाई

वरचा कोंड, ता. तळा
५ फेब्रुवारी २०२३

ति. दादा,

तुकारामचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, नीराचे गुडघे सोडले तर. पण गुडघे धड होते तेव्हाही ती कधी 'बरी आहे' म्हणाली नाही, तेव्हा त्याची काळजी नको. तुझी खुशाली तुझ्या लेकीकडून, हेमालीकडून कळते. तू माझा फोन घेत नाहीस, पण पत्र आलं तर दाराकडे पाठ करून वाचतोस, असं तीच म्हणाली. म्हणून हा खटाटोप. पोस्टात आंतरदेशीय मागितलं तर मास्तर माझ्या तोंडाकडेच बघत राहिला.

यंदा वालाला शेंग चांगली धरली आहे. परवा शेतात पोपटी लावली. मडकं उघडल्यावर पहिली शेंग मी बाजूला ठेवली आणि मग मीच खाल्ली. तू उरणला, ठेवून काय करू?

आता मुख्य बातमी. आपल्या कोंडात शाळेसमोर दगडी फलक बसतोय. इथून जेवढे म्हणून फौजेत गेले त्या सगळ्यांची नावं त्यावर येणार. बर्माच्या लढाईत गेलेले दोघे धरून तेवीस भरतात. हे सगळं डोक्यात घेतलंय भागूआत्याच्या नातवानं, गणराजनं. तू गाव सोडलंस तेव्हा तो सीमेवर होता. आता सुभेदार होऊन, पेन्शन घेऊन आलाय आणि सगळ्या कोंडाला कवायत शिकवतोय. नुसता फलक नाही, नोंदवहीही करतोय. घराघरातून जुने फोटो, डिस्चार्जची पुस्तकं, बिल्ले मागवतो, मोबाइलवर फोटो काढतो, वहीत उतरवतो आणि वस्तू ज्याची त्याला परत देतो. कुणाचं पुस्तक तांदळाच्या कणगीत सापडलं, कुणाच्या बापाचा फोटो आरशाच्या मागे. लोक हसतात, पण जो तो घर उलथंपालथं करतोय.

मी त्याला म्हटलं, आमच्या दादाचं नाव पहिल्या दहात पाहिजे. तर म्हणाला, "तुकाकाका, मला समदं मान्य हाय. पन नंबर द्या, पलटन सांगा, कायतरी लिवलेलं दावा. तोंडी न्हाय चालायचं. एकाला तोंडी घेतला तर उद्या धा जन येतील."

माणूस सरळ आहे, त्याच्यावर रागावता येत नाही. तुझा नंबर तुला पाठ असणार. फौजी एक वेळ बायकोचं नाव विसरेल पण नंबर विसरत नाही, असं गणराज म्हणतो. पण हेमालीनं विचारलं तर तू म्हणालास म्हणे, "ज्या गावानं मला खोटा ठरवला, त्याला माझा नंबर कशाला?"

सत्त्याण्णव सालचं मी काढणार नव्हतो. पण ते झालं नसल्यासारखं लिहिणंही बरं दिसत नाही. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली म्हणून शाळेत फौजींचा सत्कार होता. तू टोपी घालून पहिल्या रांगेत बसला होतास. डिस्चार्जचं पुस्तक दाखवा म्हणाले. तू घरी गेलास, पेटी उघडलीस आणि रिकाम्या हातानं परत आलास. पोलीस पाटलांनी सगळ्यांसमोर तुला खुर्चीवरून उठवलं. "फौजेत भांडी घासत व्हता का?" असं मागून कोणीतरी म्हणालं. मी झेंड्याच्या खांबाजवळ उभा होतो. आठ दिवसांत तू उरणच्या मिठागरावर गेलास. कागद पेटीतून कुठे गेले, देव जाणे.

एक मेला फलकाचं उद्घाटन आहे. तेवढ्यात काही सापडलं तर बघू. तू नंबर कळवलास तर फार बरं होईल.

तुझा
तुकाराम

ता. क. नीरा विचारते, "लिवलंत का खरं काय ते?" लिहिलं म्हणून सांगितलंय.

———

वरचा कोंड
१२ मार्च २०२३

दादा,

तू उत्तर दिलं नाहीस. देऊ नकोस. आता नंबर मागायला लिहीत नाही. नंबर मिळाला! कुठून, ते सांगतो. आधी बस. दाराकडे पाठ करून बस, चालेल.

होळीच्या सकाळी सोमजाईची पेटी उघडतात, तू विसरला नसशील. सगळे पुरुष सभामंडपात, गुरव मधे, आणि एकेक दागिना हातात धरून तो पुकारतो. "नथ एक", आपण सगळे म्हणायचं "हाय". "पुतळ्या चौदा", "हाय". देवीच्या अंगावरचं काही कमी झालेलं नाही याची ही गावानं द्यायची साक्ष. दागिन्याला हात फक्त गुरवाचा. आपण लांबून बघायचं आणि ओरडायचं. पुतळ्यांच्या मागून येतात "सिंवाचे रुपये दोन". माळेच्या टोकाला असलेले, सिंहाची छाप असलेले, तेला-शेंदरानं काळे पडलेले, कडेनं लाल दोरा गुंडाळलेले ते दोन मोठे रुपये. चाळीस वर्षं मी त्यांना "हाय" म्हणत आलो. तूही सत्त्याण्णवपर्यंत म्हणालास, माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात.

यंदा माळेचा दोरा कुजला होता. धर्मा गुरवाला आता दिसतही कमी. चिंच-राखेनं घासताना दोरा तुटला आणि एक रुपया घरंगळत गणराजच्या पायाशी आला. उचलायचा तर नाही. गणराजनं हात मागे बांधले, गुडघे टेकले आणि जमिनीला नाक लावून बघत राहिला. आम्हाला वाटलं, नमस्कार घालतोय. मग एकदम उभा राहिला, टाच आपटली आणि कडक सॅल्यूट ठोकला.

"ह्यो रुपया न्हाय," तो म्हणाला. "ह्यो संग्राम मेडल हाय. एकाहत्तरच्या लढाईचा. आन ह्येच्या कडंला नाव कोरल्यालं असतं."

धर्मा गुरवानं कडेचा दोरा सोडवला आणि घासून पदक त्याच्यासमोर उभं धरलं. गणराजनं आकडा वाचला, एकेक करून. मग शिपाई. मग मराठा लाइट इन्फंट्री. मग तुझं नाव, दादा. पुरं. आडनावासकट. दुसऱ्याच्या कडेलाही तेच नाव, तोच आकडा.

ढोलवाल्यांनी टिपऱ्या खाली ठेवल्या.

मग धर्मा गुरव बोलायला लागला. "ठमाई घेऊन आली व्हती," म्हणाला. म्हणजे आपली आई. तू फौजेतून आल्यावर रेवसच्या धक्क्यावर कामाला होतास, तेव्हा रजिस्टर पाकीट आलं. पोस्टमननं आईचा अंगठा घेतला. पाकिटात दोन चकचकीत गोल. तिला चांदी वाटली. "सदू लढाईत व्हता तवा म्या देवीला बोलले व्हते," असं ती गुरवाला म्हणाली, "ल्योक जिता आला तर त्येची पयली चांदी तुजी. पन कुनाला सांगू नको, सदू रागावंल." म्हाताऱ्यानं शब्द पाळला. आता तो रडत होता आणि आपल्या रडण्यावर चिडतही होता. "मला काय ठाव, त्येच्यावर नाव हाय!" असं परत परत म्हणत होता. त्याला वाचता कुठे येतं?

मागून काठी टेकत कोणीतरी पुढे आलं. पोलीस पाटील. आता नव्वदीला आलेत. म्हणाले, "खुर्चीवरनं म्या उठवला व्हता सदूला. म्याच. ह्या हातानं." आणि तिथेच, देवीसमोर, स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. कोणी त्यांना अडवलं नाही. मी तर अडवायच्या लायकीचाच नव्हतो.

मेडलं काढून तुला द्यायची का, यावर वाद झाला. देवीला वाहिलेलं परत घेत नाहीत. शेवटी ठरलं की मेडलं तिच्या माळेतच राहतील. पुढच्या वर्षापासून गुरव ती नाव घेऊन पुकारेल, "सदूची मेडलं दोन". आणि दुपारी पालखी निघाली ती मानकऱ्यांच्या घरी नाही, थेट आपल्या घरी, दादा, तुझ्या बंद खोलीसमोर. नीरानं घाईघाईनं कुलूप काढलं, अंगण सारवलं. पालखी नाचली. गाऱ्हाण्यात धर्मा गुरवानं सगळ्या गावाच्या आधी तुझं नाव घेतलं. म्हणाला, "आये, तुज्या माळंतला शिपाई परदेशी बसलाय, त्येला घरी आन." सगळे "व्हय म्हाराजा" म्हणून ओरडले. उरण आमच्यासाठी परदेशच.

इथवर लिहून तीन दिवस झाले. पत्र इथे संपवता आलं असतं. नीरानं वाचून परत माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, "ह्यात तुमी कुटं हाव? फुडचं चितेवर जाऊन लिवनार का?"

मागच्या पत्रात मी लिहिलं, कागद कुठे गेले देव जाणे. देव जाणत असेल, पण मीही जाणतो. पेटीतून तुझं पुस्तक मी नेलं.

एक्याऐंशी साल. मुंबईत एका कंपनीत गेटवर माणूस पाहिजे होता आणि त्यांना माजी सैनिकच हवा होता. मी नववी नापास, गिरणीतून बाहेर पडलेला. सुट्टीला आलो होतो, तू शेतावर होतास. पेटीला कुलूप नव्हतं. तुझं पुस्तक पिशवीत टाकलं आणि मुंबईला जाऊन मीच सदाशिव म्हणून उभा राहिलो. वाटलं, नोकरी लागली की चार दिवसांत आणून ठेवीन. पुस्तक त्यांनी फायलीत ठेवून घेतलं. मी एकोणतीस वर्षं सदाशिव राहिलो. तिथे मला सगळे फौजी म्हणायचे. तू मला सांगितलेली, गळ्यात बूट अडकवून नदी ओलांडल्याची गोष्ट मी तिथल्या कँटीनमध्ये माझी म्हणून सांगितली. दर वर्षी सांगितली. त्यात एक मगर मी पदरची घातली. निदान मगरीबद्दल तरी माफ कर.

सत्त्याण्णवला मी खांबाजवळ उभा होतो तेव्हा मला ठाऊक होतं तुझं पुस्तक कुठे आहे. मुंबईतल्या एका लोखंडी कपाटात. बोललो असतो तर तुझी खुर्ची राहिली असती आणि माझी नोकरी गेली असती. मी नोकरी राखली. पुढे कंपनी बंद पडली, कपाटं भंगारात गेली, मी शोधायला गेलो तोवर काही उरलं नव्हतं. तू मला गप्प राहिल्याबद्दल तोडलंस. मी त्याहून मोठं काही केलं होतं हे तुला माहीतच नव्हतं, आणि मला तेवढ्याच शिक्षेवर सुटल्यासारखं वाटत होतं. ही लाज मी सव्वीस वर्षं गिळली. आता गिळवत नाही.

एक मेला मी माईकवर सगळ्या गावाला हे सांगणार आहे. तू ये किंवा येऊ नकोस. मी सांगणार.

तुकाराम

———

वरचा कोंड
३ मे २०२३

ति. दादा,

तुझं कार्ड मी भिंतीवर लावलंय. सव्वीस वर्षांत तुझं एवढंच अक्षर: "येतो. पण तुझ्या घरी जेवणार नाही." नीरा म्हणाली, "येतायत ना, बास झालं." आणि तिनं तरीही आंबोळ्या केल्या.

परवा तू आलास आणि संध्याकाळी गेलासही. एवढ्या माणसांत तुझ्याशी धड बोलता आलं नाही. म्हणून जे मी बघितलं ते तुला सांगतो. तू पुढे होतास, तुला मागचं दिसलं नसेल.

जावयाची गाडी शाळेच्या फाटकाशी थांबली आणि तू टोपी सारखी करत उतरलास. गणराजनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. पण आधी मुंबईची पोरं उभी राहिली, मग बायका, मग सगळं पटांगण. पोलीस पाटील खुर्ची दोन्ही हातांनी धरून उभे होते, पहिल्या रांगेतली. त्यांनी ती तू बसेपर्यंत सोडली नाही. मला वाटलं तू त्यांना काही बोलशील. तू फक्त "बसा पाटील, पाय दुखतील" म्हणालास. मागे ते ढसाढसा रडले. हे तुला दिसलं नसेल.

गणराजनं वाचून दाखवलं. नंबरावरून त्यानं रेकॉर्ड ऑफिसला लिहिलं होतं, तिथून नोंद आली. भरती अडुसष्ट, सुटका शहात्तर, कारण घरची अडचण. एकाहत्तरला पूर्व आघाडी. चालचलन अत्युत्तम. अत्युत्तमवर टाळ्या पडल्या त्या थांबेनात. हेमाली तर शिट्टी मारत होती. तुझ्या मुलीला शिट्टी कोणी शिकवली?

मग मी माईकवर गेलो. माईक इतका जवळ धरला की दाताला लागला. सगळं सांगितलं, पेटी, पुस्तक, गेट, एकोणतीस वर्षं. मगरीचंही सांगितलं. कोणी हसलं नाही. मग तू उठलास. स्टेजकडे यायला लागलास. सगळ्या कोंडाला वाटलं आता कानफटात बसणार, आणि मीही गाल तयार ठेवला होता.

तू म्हणालास, "सॅल्यूट मार."

मी मारला.

"ह्यो सॅल्यूट?" तू माझा हात धरलास. "तळवा फुडं. कोपर खांद्याच्या रेषेत. एकोनतीस वर्सं माज्या नावावर ह्योच मारत व्हतास? पलटनीची अब्रू घालवलीस रं तुक्या." पटांगण जे हसायला लागलं ते हसतच राहिलं. तू मात्र हसला नाहीस. तीन वेळा मारायला लावलास, तिसरा बरा आला, मग "आता खाली जा" म्हणालास. तुक्या म्हणालास, दादा. ह्या नावानं मला हाक मारणारं आईनंतर कोणी उरलं नव्हतं. खाली उतरताना मला समोरचं दिसत नव्हतं.

फलकावरचं कापड तू ओढलंस. तेविसातलं नववं नाव तुझं. तू बोट फिरवून वाचलंस आणि मग वरची आठ आणि खालची चौदाही नावं वाचलीस, मोठ्यानं, प्रत्येकापुढे थांबून. त्यातल्या सात जणांच्या घरातून कुणीच यायला उरलेलं नाही. त्यांचं नाव तूच घेतलंस. गावातल्या म्हाताऱ्या बायका त्याच्याबद्दल अजून बोलतायत.

माझ्या घरी तू जेवला नाहीस. शब्द तो शब्द. पण शाळेच्या पंगतीत माझ्या शेजारच्या पानावर बसलास, आणि नीरानं वाढलेल्या आंबोळ्या खाल्ल्यास. त्या कुठल्या घरातून आल्या ते तू विचारलं नाहीस, आम्हीही सांगितलं नाही.

तू गेल्यावर गणराज आला. मला वाटलं, आता गावकी काहीतरी दंड ठरवणार. त्यानं नोंदवही माझ्या मांडीवर टाकली. "तुकाकाका, कागद घालवनाऱ्यानंच आता कागद सांबाळायचे," म्हणाला. "फलकाला नंबर न् पलटन पुरली. पन परतेक घरचा बाकीचा इतिहास लिवायचा हाय. कोन कुटं लढला, घरी काय आलं, काय न्हाय आलं. समदं तुमी लिवायचं. सही तुमची."

एवढी मोठी शिक्षा आणि एवढा मोठा मान मला एकाच वेळी कधी मिळाला नव्हता. काल सकाळपासून लागलो. बर्मावाल्या दोघांची पानं झाली. एकाच्या नातवानं आजोबाचा पाण्याचा डबा आणून दिला, त्यावरही आकडा आहे. मी तो तीनदा तपासून लिहिला. मग तुझं पान काढलं.

वहीत रकाने छापलेले आहेत. नाव, नंबर, पलटण, भरती, सुटका, लढाई, पदकं. "पदके सध्या कोठे" यापुढे लिहिलं, "श्री सोमजाईच्या माळेत, आईने वाहिलेली". पुढचा रकाना आहे, "मूळ कागदपत्रे उपलब्ध नसल्यास कारण". इथे मी थांबलो. गणराज बाजूलाच चहा पीत होता. म्हणाला, "'कालौघात गहाळ' लिवा, काका. समदेच तसं लिवतात. माईकवर बोललात, तेवढं बास."

मी म्हटलं, नाही. माईकवरचं हवेत जातं. ही वही शंभर वर्षं राहायची आहे. कुणीतरी पोर ती उघडेल, तेव्हा त्याला सदाशिव शिगवण कागद हरवणारा वाटता कामा नये.

मग लिहिलं: "लहान भावाने चोरली."

खाली सही केली. एकोणतीस वर्षं तुझ्या नावानं सह्या करून हात बिघडलाय, 'स' काढायला निघालाच होता. थांबवला. हळूहळू माझं नाव काढलं.

तुझा, तोच लहान भाऊ,
तुकाराम बाळू शिगवण